पदवीचा दरवाजा कंपनीच्या हाती

परळ-माटुंग्याचे रेल्वे वर्कशॉप, खडकी-अंबरनाथच्या आयुध निर्माणी, सरकारी छापखाने. येथे अप्रेंटिस लागलेला मुलगा आपल्या समाजातील अनेक घरांना ठाऊक आहे. हातात तुटपुंजा स्टायपेंड, कपड्यांवर तेलाचे डाग आणि पुढे पक्क्या नोकरीची आशा. आता हीच अप्रेंटिसशिप नव्या रूपात येत आहे. शिकाऊ उमेदवाराच्या हातात पान्याऐवजी लॅपटॉप आहे. शेवटी त्याला मिळते ती थेट विद्यापीठाची पदवी. या बदलाकडे आंबेडकरी समाजाने वेळीच लक्ष दिले पाहिजे.

या पद्धतीचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला आहे. तेथे २०१५ सालापासून 'डिग्री अप्रेंटिसशिप' सुरू आहे आणि तिच्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमांत डिजिटल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम होता. बारावीच्या तोडीची परीक्षा दिलेला मुलगा किंवा मुलगी एखाद्या बड्या कंपनीत उमेदवार म्हणून रुजू होते. पहिल्या दिवसापासून पगार सुरू होतो. आठवड्यातले बहुतेक दिवस प्रत्यक्ष काम करायचे: प्रोग्रॅम लिहायचे, डेटाबेस सांभाळायचे, सायबर सुरक्षेच्या चाचण्या घ्यायच्या, ग्राहकासमोर बसून त्याची अडचण समजून घ्यायची. उरलेला वेळ विद्यापीठाच्या अभ्यासाचा. हा अभ्यास पगारी वेळेतच धरला जातो. तीन-चार वर्षांनी बी.एस्सी. ऑनर्सची पदवी हाती येते. कॅपजेमिनीने अ‍ॅस्टन विद्यापीठाबरोबर असे उमेदवार घडविले. पीडब्ल्यूसीने २०१८ साली लीड्स आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांबरोबर संगणकशास्त्राची अशीच पदवी सुरू केली. पुण्या-मुंबईत या दोन्ही कंपन्यांच्या पाट्या आपण रोज पाहतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट फीची. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमधील साध्या पदवीची वर्षाची फी साडेनऊ हजार पौंडांहून अधिक आहे. बहुसंख्य मुले कर्ज काढून शिकतात. अप्रेंटिसला मात्र एक पौंडही फी द्यावी लागत नाही, आणि मालकाला ती त्याच्याकडून वसूलही करता येत नाही. ज्या कंपनीचे वर्षाचे वेतनबिल तीस लाख पौंडांच्या वर आहे, तिच्याकडून एप्रिल २०१७ पासून वेतनबिलाच्या अर्धा टक्का इतका कर घेतला जातो. प्रशिक्षणाचा खर्च त्यातून भागतो. भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलाला ही वाट खुली नाही. परंतु तेथे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांच्या मुलांनी तिचा जरूर विचार करावा.

याच लंडनमध्ये शिकत असलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवावे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घ्यावे, तेव्हा कुठे १९२० साली त्यांना पुन्हा लंडन गाठता आले. शिक्षण आणि पोट यांची ही ओढाताण त्यांनी स्वतः भोगली होती. म्हणूनच १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांच्या तांत्रिक शिक्षणाचा प्रश्न आग्रहाने मांडला. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवारीच्या जागा मिळाव्यात, ही मागणी त्यात होती. कौशल्य वर्गात बसून जेवढे येते त्याहून अधिक कामाच्या जागी येते, आणि कामाच्या जागीच आपल्याला अडवले जाते, हे त्यांनी पुरते ओळखले होते. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगाराला बंद होते. का, तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई! माग चालविण्याची अक्कल त्याच्याकडे नव्हती असे नव्हे, त्याला मागापर्यंत जाऊच दिले नाही.

आज प्रश्न नेमका हाच आहे. संगणकाच्या मागापर्यंत कोण पोहोचणार?

नेहमीच्या पदवीचा प्रवेश विद्यापीठ देते. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयात तेथे राखीव जागा आहेत, यादी भिंतीवर लागते, अन्याय झाला तर दाद मागता येते. अप्रेंटिसशिपच्या पदवीत निवड करते कंपनी. ऑनलाइन अर्ज, बुद्धिमापनाच्या चाचण्या, कॅमेऱ्यासमोर मुलाखत, मग गटचर्चा. ही चाळणी पार केली तरच विद्यापीठाचे दार उघडते. म्हणजे पदवीचा दरवाजा विद्यापीठातून उचलून कंपनीच्या फाटकावर बसविला गेला आहे. आणि त्या फाटकावर पहारा कोणाचा आहे?

इंग्लंडचा अनुभव बोलका आहे. ही योजना गरिबांच्या मुलांसाठी वरदान ठरेल असा गाजावाजा झाला होता. परंतु सटन ट्रस्ट या संस्थेच्या २०२० सालच्या अहवालाने दाखविले, की पदवीच्या अप्रेंटिसांमध्ये सर्वांत सधन वस्त्यांतील तरुणांचे प्रमाण सर्वांत गरीब वस्त्यांतील तरुणांच्या दुप्पट आहे. ज्यांच्या घरात माहिती होती, ओळखी होत्या, मुलाखतीची भाषा होती, त्यांनीच जागा पटकावल्या. तरीही एक गोष्ट तेथून शिकण्यासारखी आहे. तेथील बड्या कंपन्या कर्मचाऱ्यांना विचारतात, की तुम्ही चौदा वर्षांचे असताना घरातील मुख्य कमावत्या माणसाचा धंदा काय होता? त्यावरून कामगार वर्गातून किती जण आले हे मोजतात. केपीएमजीने तर २०२१ साली जाहीर केले, की २०३० पर्यंत आपल्या भागीदार आणि संचालकांपैकी २९ टक्के कामगार वर्गातून आलेले असतील. त्यांना त्यात किती यश येते हे पुढे दिसेल. पण मोजल्याशिवाय विषमता दिसत नाही, एवढे त्यांनी मान्य केले आहे.

आपल्याकडच्या कंपन्या काय मोजतात? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठविले होते. फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दाखविले, की मालक तोंडाने गुणवत्तेचा जप करतात आणि मुलाखतीत कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतात. ज्यांच्या फाटकावर आडनाव वाचले जाते, त्यांच्याच हाती आता पदवीची किल्ली जाऊ घातली आहे. कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० सालीच अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत.

मग आपण या योजनेला विरोध करायचा का? मुळीच नाही. फीविना पदवी आणि शिकताना पगार ही गरिबाच्या मुलाची खरी गरज आहे. आपल्या हातात कायदाही आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे आपण सतत ऐकतो. नोकरीपुरते ते खरे आहे. परंतु १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९७३ साली कलम ३-अ घातले गेले. नियुक्त व्यवसायांत अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, आणि हा कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे. किती कंपन्या तो पाळतात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

हे विचारण्याचे काम आता संघटनांनी हाती घ्यावे. पदवीशी जोडलेल्या प्रत्येक अप्रेंटिसशिपला हे आरक्षण लागू असल्याचे सरकारने स्पष्ट लिहून द्यावे. प्रत्येक कंपनीने जागा किती, भरल्या किती, कोणत्या प्रवर्गातून भरल्या, हे दरवर्षी जाहीर करावे. उमेदवाराकडून फी घेण्यास कायद्याने मनाई असावी. आणि आपल्या विहारांतून, वसतिगृहांतून, अभ्यासिकांतून अकरावी-बारावीच्या मुला-मुलींना अर्ज कसा भरावा, चाचणी कशी असते, गटचर्चेत कसे बोलावे, याचे वर्ग रविवारी भरावेत. आपल्या समाजातील जे तरुण हिंजवडीत, ऐरोलीत, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला लागले आहेत, त्यांनी ते घ्यावेत. त्यांना ही चाळणी आतून माहीत आहे. ती माहिती त्यांच्यापुरतीच राहिली, तर पुढचा मुलगा फाटकाबाहेरच उभा राहील.