दुकानाची पाटी इंटरनेटवर लावताना

व्यापारी व कारागीर बांधवांनो, संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ही इंटरनेटवरील आपल्या दुकानाची पाटीच होय. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवावे लागते. वेळेवर नूतनीकरण केले नाही, तर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते.

नाव छोटे व सांगायला सोपे असावे. 'हिमरू' इंग्रजीत कोणी दोन 'ओ'ने लिहितो, कोणी 'यू'ने. जमल्यास दोन्ही नावे घ्यावीत. शहराचे नाव जोडताना विचार करावा. २०२३ मध्ये औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण छापलेल्या पिशव्या आपोआप बदलत नाहीत.

दुसऱ्याच्या नावाची नक्कल करू नये. 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली होती.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदणी संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नव्हे, तर स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेल व मोबाइलवर करावी. करमाडच्या बाजारात गाळा घेताना भाडेपट्टीवर कोणाचे नाव आहे, हे आपण पाहतोच. इथेही तेच पाहावे. नोंद ज्याच्या नावे, पाटी त्याची.