'गिअरबॉक्स गेलाय' असं मेकॅनिक म्हणाला तर? गाडी खोलायला देण्याआधी एवढं तपासा

गाडी बारा-चौदा वर्षं जुनी. इंजिन ठणठणीत, एसी चालू, टायरही बरे. पण एक दिवस दुसरा गिअर टाकताना 'कर्रर्र' असा आवाज येतो आणि मग तो रोजच यायला लागतो. गॅरेजवाला एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "साहेब, गिअरबॉक्स गेलाय. खोलावा लागेल."

इथे गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. जुन्या गाडीला बाजारात फारशी किंमत उरलेली नसते. त्यात १५ वर्षं झाली की फिटनेस तपासणी करून खासगी गाडीची नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मग एवढा खर्च करायचा की गाडी विकून टाकायची?

निर्णय घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. गिअर नीट पडत नाही म्हणजे गिअरबॉक्सच खराब आहे, असं नाही. दोष क्लचमध्ये, गिअरच्या केबलमध्ये किंवा वर्षानुवर्षं न बदललेल्या तेलातही असू शकतो. आणि ही दुरुस्ती गिअरबॉक्स खोलण्यापेक्षा बरीच स्वस्त असते.

गिअर पडतो म्हणजे नक्की काय होतं?

इंजिनची ताकद चाकांपर्यंत गिअरबॉक्समधून जाते. गिअर बदलताना ही ताकद क्षणभर तोडावी लागते, ते काम क्लचचं. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात.

आता आतले दोन भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी गाडीच्या वेगाने चार पावलं धावतो, तसंच इथे होतं. सिंक्रोनायझर नावाची रिंग, जी बऱ्याच गाड्यांत पितळी असते, दोन्ही भागांचा वेग जुळवते आणि मग गिअर पडतो. वेग जुळला नाही की दात दातांवर घासतात. तोच तो 'कर्रर्र'.

म्हणजे रिंग झिजली तरी आवाज येतो आणि क्लच पूर्ण सुटत नसला तरीही आवाज येतो. मग फरक कसा ओळखायचा?

इंजिन बंद करून बघा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन सुरू करून क्लच पूर्ण दाबा आणि पुन्हा तेच करा.

- इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू असताना सगळेच अडतात: संशय क्लचवर. क्लचची केबल सैल झालेली असू शकते. हायड्रॉलिक क्लच असेल तर त्याचं ऑइल गळत असू शकतं.
- इंजिन बंद असतानाही लिव्हर जड लागतो: आधी गिअरची केबल, लिंकेज आणि बुश तपासून घ्या. हे भाग गिअरबॉक्सच्या बाहेर असतात.
- चालत्या गाडीत एकाच गिअरला आवाज येतो, बाकीचे नीट पडतात: त्या गिअरची रिंग झिजल्याची शक्यता जास्त. इथे गिअरबॉक्स खोलावा लागू शकतो.

रिव्हर्सचं मात्र वेगळं आहे. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबलं की तो आवाज बहुतेक वेळा जातो.

आवाज कधी येतो, हेही सांगा

गाडी न्यूट्रलला उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर संशय असतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर तो सहसा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असतो. आणि चढावर इंजिन नुसतंच ओरडतंय, पण गाडी वेग घेत नाही? मग क्लच प्लेट घसरतेय.

मेकॅनिकला फक्त 'आवाज येतोय' म्हणण्यापेक्षा हे नेमकं सांगितलं तर चुकीच्या ठिकाणी हात घातला जाणार नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: गिअर ऑइल

सर्व्हिसिंगला ऑइल बदललं म्हणजे इंजिन ऑइल बदललं. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं आणि ते वेगळं सांगून बदलावं लागतं. किती किलोमीटरला, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. जुनी गाडी नुकतीच घेतली असेल आणि तेल कधी बदललं हे माहीत नसेल, तर एकदा बदलून घेतलेलं बरं.

ग्रेडही महत्त्वाची. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं. 'पाच म्हणजे चारपेक्षा भारी' असं समजू नका. काही जीएल-५ तेलांमधली रसायनं पितळी रिंगला मारक ठरू शकतात. मॅन्युअलमध्ये आहे तेच तेल घाला. ऑटोमॅटिक गाडीचं तेल तर पूर्ण वेगळं असतं, तिथे अंदाज चालत नाही.

तेल काढताना समोर उभे राहा. तेल भरायचा बोल्ट आधी उघडायला सांगा. तो गंजून अडकला असेल आणि खालून तेल आधीच सोडलं, तर गाडी तिथेच अडकली. काढलेल्या तेलात बारीक राखाडी चुरा असणं सामान्य आहे, पण धातूचे तुकडे दिसले तर आत खरंच काहीतरी तुटलंय. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी गेली असेल, तर हे नक्की बघा.

उतरवावाच लागला तर?

क्लच बदलायलाही बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरीचा मोठा भाग याच कामाचा असतो. म्हणून एकदा उतरवला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील एकत्र बघून घ्या. नाहीतर काही महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या आणि काढलेले पार्ट परत मागा.

आणि आपल्या सवयी?

घाटात ट्रॅफिक लागलं की अनेकजण हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. यात क्लच प्लेट जळते, तिथे हँडब्रेक वापरा. गाडी चालवताना डावा पाय क्लचवर आणि हात गिअर लिव्हरवर टेकवून ठेवू नका, दोन्हीने आतले भाग झिजतात. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल तर अजिबात नको. इंजिनचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापले तर जिवाशी गाठ.

थोडक्यात, आधी क्लच, मग केबल, मग तेल. या तिन्हीत काही सापडलं नाही, तरच गिअरबॉक्सला पाना लावायचा. जुनी गाडी ठेवायची की विकायची, हे त्यानंतर ठरवा.