सुरुवात प्लासीपासून नको!

युरोपातल्या सनदी व्यापारी कंपन्यांवर आम्ही काही इतिहासवेडे एक दिवसाचा परिसंवाद आखतोय. पहिला वाद अर्थातच सुरुवात कुठून करायची याचा. माझं मत, ॲमस्टरडॅमपासून.

ऑगस्ट १६०२. दिर्क फान ओस या व्यापाऱ्याच्या घरी डच कंपनीचं भागभांडवल नोंदवलं जातंय. ११४३ जणांनी पैसे लावले. मुदत संपता संपता त्याच घरच्या मोलकरणीनेही १०० गिल्डर लावले! हे पैसे वर्षानुवर्षं अडकणार होते. मधेच हवे असतील तर आपला हिस्सा दुसऱ्याला विकायचा. शेअर बाजार रुजला तो यातूनच. इंग्रजांना सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० ला, म्हणजे आधी. पण त्यांचं सुरुवातीला प्रत्येक सफरीचं भांडवल वेगळं, जहाज परतलं की हिशेब चुकता.

दुपारचं सत्र कोकणाचं. वेंगुर्ल्यात डचांची वखार, राजापुरात इंग्रजांची. १६६० मध्ये राजापूरकर इंग्रज पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला तोफगोळे घेऊन गेले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं आणि वखारवाले कैदेत पडले.

प्लासी? चहानंतर बघू.