भयाची पुस्तके मुलांनी वाचावीत काय?

लॉइस लौरी यांची ‘द गिव्हर’ ही इंग्रजी कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली व १९९४ साली तिला न्यूबरी पदक मिळाले; तरीही ती शाळांतून काढून टाकावी, अशी मागणी अमेरिकेतील कित्येक पालकांनी केली. तीत दुःख नसलेला, परंतु रंग व निवडही हरवलेला समाज आहे. जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या अर्भकाला आपले वडीलच सुई टोचून मारतात, हे बारा वर्षांचा जोनास पाहतो.

प्रसंग भयंकर खराच. परंतु जोनास तेथेच थिजून राहत नाही; दुसऱ्या एका बाळाला वाचविण्यासाठी तो घर सोडतो. भयाने वाचकाचे मन बधिर होते की जागे होते, हीच आमच्या मते खरी कसोटी.

मुलांपासून भय सर्वस्वी लपविता येतच नाही. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधल्या रात्री भोपाळात विषारी वायूने केलेल्या संहाराची हकीकत आमच्या तुलसी नगरातील मुलेही ऐकतात. मात्र सांगणारे वडीलधारे माणूस त्यांच्याजवळ असते. पुस्तकाचेही तसेच व्हावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलास ही कादंबरी देऊ नये; बारा-तेराव्या वर्षी अवश्य द्यावी. पण आधी, पालकहो, ती आपण वाचावी आणि मुलाच्या प्रश्नांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी.