जगाच्या पाठीवर : पाण्याची पाळी

या खेपेला देशोदेशींच्या गोष्टी जमवताना आम्ही एकच धागा धरला आहे, तो पाण्याच्या पाळीचा. का, ते शेवटी सांगतो.

स्पेन देशी व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला मोठ्या चर्चच्या दाराशी काळे डगले घातलेले आठ शेतकरी बसतात. तुरिया नदीच्या आठ पाटांचे हे निवडून दिलेले पंच. कोणी पाळी मोडली, पाणी वळवले, की तक्रार तोंडी मांडायची. वकील नाही. निकाल तिथल्या तिथे. २००९ साली युनेस्कोने या पंचायतीला जागतिक सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

ओमानच्या कोरड्या मुलखात डोंगरातून, जमिनीच्या पोटातून पाट आणतात. त्याला म्हणतात फलज. घड्याळे नव्हती तेव्हा दिवसा सावली मोजून आणि रात्री तारे पाहून बारे फिरवीत!

बाली बेटावर भातखाचरांच्या पाण्याची पाळी देवळातून ठरते. १९७० नंतर सुधारित बियाणे आले आणि जो तो सवडीने लावण करू लागला. तुडतुड्यांना बारमाही चारा मिळाला, पीक बसले. मग लोक पुन्हा जुन्या पाळीवर आले. आपल्या खोडकिडीचेही असेच. आडसाली, सुरू आणि खोडवा शेजारी-शेजारी असला की तिला बाराही महिने घर.

आता आपल्या खान्देशात या. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि कान नदीवरची फड पद्धत कित्येक शतकांची. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात ऊस लावायचा ते पाण्याचा अंदाज घेऊन पंच ठरवणार. पाणी पाटकरी देणार, पीक जागल्या राखणार. विहिरी वाढल्या, नदीचे पाणी आटले, तसे बरेच फड मोडले.

आता कारण सांगतो. गेल्या चैत्रात आमच्या एका गटात रात्रीच्या बाऱ्यावरून दोन भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे राहिले. आम्ही पोचलो तेव्हा पाणी तिसऱ्याच्याच पडीक रानात चालले होते आणि दोघांचाही ऊस करपत होता. आम्हालाही वाईट वाटले, कारण पाळीची यादी करा असे आम्ही त्या गटात कधी म्हटलेच नव्हते. लावणीच्या नोंदी मात्र वेळेवर घेतल्या!

तेव्हा यंदा होळीच्या आत प्रत्येक गटाने बसून पाळी ठरवावी आणि चावडीवर यादी लावावी. ठिबकवाल्यांनीही यावे, विहिरीचे झरे सगळ्यांचे एकच आहेत. बोलवाल तिथे आम्ही येऊ. काळा डगला नाही आमच्याकडे, पण वही-पेन्सिल आहे.