ड्राइव्हचें अक्षर आणि पूर्ण पत्ता

महिनाअखेरीस कचेरींतील संगणकांवर पगाराचा प्रोग्राम अद्ययावत् करणारी कंपाइल केलेली स्क्रिप्ट स्थानिक डिस्कवरून बिनतक्रार चालते. तीच सर्वांच्या सोयीसाठीं नेटवर्कवरील ‘झेड’ ड्राइव्हवर ठेवली, कीं सुरू होतांच थांबते आणि शेजारचीच फाइल ‘सांपडत नाहीं’ असें सांगते. फाइल तर समोर दिसत असते. आणि पगार खोळंबलेला असतो!

वस्तुतः ‘झेड’ हें दूरच्या सर्व्हरच्या पत्त्याचें टोपणनांव होय. विंडोजमध्यें तें यंत्राचें नसून, लॉगइनच्या विशिष्ट सत्रापुरतें असतें. २००७ सालीं बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टापासून, प्रशासकाचे अधिकार घेणारा प्रोग्राम सामान्यतः निराळ्या सत्रांत चालतो. त्या सत्राला हें टोपणनांव ठाऊकच नसतें.

परीक्षा सोपी आहे. स्क्रिप्ट आणि तिच्या फाइली स्थानिक डिस्कवर उतरवून चालवाव्या. तेथें ती चालली, तर दोष बहुधा पत्त्याचा. मग स्क्रिप्टमध्यें अक्षराऐवजीं दोन उलट्या तिरप्या रेघांनीं सुरू होणारा, सर्व्हर व सामायिक फोल्डर यांच्या नांवांसह पूर्ण पत्ता लिहावा. कमांड प्रॉम्प्टला असा पत्ता चालू फोल्डर म्हणून मानवत नाहीं. तेथें ‘पुशडी’ ही आज्ञा तात्पुरतें अक्षर मिळवून देते. अधिकारांची गरज नसेल, तर ते मागूंच नयेत.

घाईंत सुरक्षाव्यवस्थाच बंद करणें मात्र किल्ली सांपडेना म्हणून दाराचें कुलूपच काढून टाकण्यासारखें होय. टोपणनांव घरांत पुरतें. परक्या दारीं पूर्ण नांवगांव सांगावें लागतें.