रुग्णासोबत आलेले माणूस

अमरावतीहून सायंकाळी सुटलेली मुंबईची गाडी सकाळी दादरला पोहोचते. त्या गाडीत अशी काही माणसे हमखास असतात, ज्यांच्या पिशवीत भाकरी-ठेच्याच्या पुरचुंडीशेजारी तपासण्यांच्या कागदांची जाड फाईल असते. त्यांना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे असते. तेथे रुग्णाची नोंद होते, तपासण्या होतात, शस्त्रक्रिया ठरली तर खाटही मिळते. परंतु त्याच्यासोबत आलेल्या पत्नीने किंवा भावाने रात्री पाठ कोठे टेकावी? किरणोपचार तर अनेकदा पाच-सहा आठवडे चालतात आणि त्यासाठी बहुतेकांना रुग्णालयात भरती व्हावेही लागत नाही. मग परक्या शहरात इतके दिवस त्या दोघांनी राहावे कोठे आणि खावे काय?

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. दूरदूरहून आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग तेथे अल्प खर्चात राहतात. हा प्रश्न वैद्यकीय अभ्यासक्रमात आम्हांला कोणी शिकवला नव्हता. औषधाची मात्रा शिकवली, नाडी शिकवली. रुग्णाला हात धरून घेऊन येणाऱ्या माणसाविषयी एक ओळही नव्हती. ज्या माणसाला तो प्रश्न प्रथम दिसला, त्याने शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि तो आपल्याच वऱ्हाडातला होता.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी झाला. वडील दारूपायी गेले आणि लहानगा डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे वाढला. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात खाण्या-पिण्याला एकच मडके, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. इथवरची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांच्या कामाचे पहिले टप्पे.

भातकुली तालुक्यातील ऋणमोचन हे पूर्णाकाठचे गाव. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते, लोक नदीत स्नान करतात. पूर्णाकाठची काळी चिकणमाती ओली झाली की कशी निसटते, हे या भागात चाललेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा काठावरून सत्तरीची म्हातारी घसरली तर पुढे काय होते, हे मला वैद्यक म्हणून सांगता येईल: खुब्याचे हाड मोडते, माणूस अंथरुणाला खिळतो, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. त्या काळी तर खुब्याच्या शस्त्रक्रियेची सोयच नव्हती. १९०८ मध्ये गाडगेबाबांनी तेथे पूर्णेवर घाट बांधला. यात्रेतल्या अंध-अपंगांना अन्नवस्त्र देण्याचा परिपाठही ऋणमोचनलाच पडला. घाट बांधणे हे धर्मकार्य म्हणून नोंदले जाते. मी ते रोगप्रतिबंधाच्या खात्यात मांडीन. खराट्याचेही तेच. कीर्तनाच्या गावी आले की आधी गाव झाडायचे आणि मग रात्री बोलायचे, हा त्यांचा क्रम पटकीच्या साथींच्या त्या काळात निव्वळ विक्षिप्तपणा नव्हता.

पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. यात्रेकरूंची धर्मशाळा आपल्या परंपरेत होतीच. रुग्णालयाकडे येणारा माणूसही एक यात्रेकरूच आहे आणि त्याची यात्रा अधिक कठीण आहे, हे त्यांनी ओळखले. या वास्तूंवर त्यांनी स्वतःचा किंवा घरच्यांचा हक्क ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर प्रवासातच त्यांचे देहावसान झाले.

वऱ्हाडात अशी आणखीही माणसे झाली. कुष्ठरोग झाला की सोबतीचे माणूसच उरत नसे, घर तुटत असे. अशांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारले. अचलपूर तालुक्यातील वझ्झरला शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांना आपले आडनाव देऊन सांभाळतात. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर काढलेले मतिमंद मूल जाणार कोठे, हा त्यांचा प्रश्न आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामावर स्वतंत्रच लिहायला हवे. येथे मला संस्थांबद्दल बोलायचे नाही. एकट्या माणसाच्या हाताला जेवढे पेलते, तेवढ्यापुरतेच बोलायचे आहे.

तसे दानशूरांना आपल्याकडे तोटा नाही. वाढदिवस असो की जयंती, रुग्णालयात फळवाटप ठरलेले असते. केळी आणि मोसंबी वाटली जातात, छायाचित्र निघते, मंडळी जातात. हेतू वाईट नसतो. पण ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले आहे त्याला केळे म्हणजे पोटॅशियमचा डोस असतो आणि ते रक्तात वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते. मधुमेही तर प्रत्येक कक्षात असतात. त्याच कक्षात, खाटेखाली सतरंजी टाकून बसलेल्या नातलगाने सकाळपासून चहावर दिवस काढलेला असतो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण त्याच्या नावाचा केसपेपर नसतो.

मूत्रपिंडाचा विषय मी सहज काढलेला नाही. पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक गावांचे भूजल खारट आहे आणि तेथील मूत्रपिंडाचे विकार ही अनेक वर्षांची चिंता आहे. ज्याचे मूत्रपिंड थांबले त्याला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. शासकीय योजनांमुळे उपचाराचा भार पुष्कळ हलका झाला आहे. मात्र तेल्हाऱ्याकडच्या किंवा दर्यापूरकडच्या खेड्यातून निघून गाडी पकडणे, उपचार घेणे आणि परतणे यात पुरा दिवस जातो, आणि रुग्णाबरोबर आलेल्या माणसाची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. तूर सोंगायच्या दिवसांत हा हिशेब फार जड होतो. अशा वेळी रुग्ण एखादी पाळी चुकवतात. पाळी चुकली की अंगावर सूज येते, छातीत पाणी भरते आणि माणूस रात्री धापा टाकत दवाखान्यात येतो. त्याच्या कागदांवर निदान लिहिले जाते. सोबतीला माणूस नव्हते, हे कारण कोठेच लिहिले जात नाही.

आता सोबतीच्या प्रकृतीकडे वळू. सासूबाईंच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणाऱ्या सुनेला मी बसवून घेतो आणि तिचाही रक्तदाब मोजतो. तो वाढलेला निघतो, असा माझा वारंवारचा अनुभव आहे. तिची झोप तुकड्यातुकड्यांची असते, जेवण सर्वांच्या शेवटी आणि उभ्याउभ्या. रुग्णाला उचलताना कमरेतून वाकल्याने तिचा मणका दुखावतो. तिला स्वतःचे काही होते का विचारले तर ‘मला काय धाड भरली, डॉक्टर’ हे उत्तर ठरलेले. साठी उलटलेली पत्नी ऐंशीच्या पतीला सांभाळते तेथे तर दोन रुग्ण आणि एकच केसपेपर, अशी स्थिती असते. मदत करू इच्छिणाऱ्याने अशा घरी फळांची पिशवी नेण्यापेक्षा दोन तास न्यावेत. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नये, कारण ती कधीच सांगणार नाही. ‘गुरुवारी चार ते सहा मी बसतो, तुम्ही झोपा’ असे म्हणावे, आणि मग गुरुवार चुकवू नये. नेम मोडणारी मदत घरच्यांना अधिक थकवते.

त्या दोन तासांसाठी काही गोष्टी माहीत असाव्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा आणि खुबा येथील कातडी लाल दिसली तर घरच्यांच्या लक्षात आणून द्यावे, तेथे चोळू नये. आडव्या माणसाला भरवू नये. पाठीला टेकू देऊन बसवावे, लहान घास द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये; मायेने घातलेला तो घोट फुप्फुसात उतरतो. एकच पाय सुजून दुखत असेल तर मालिश बिलकुल करू नये, कारण शिरेत रक्ताची गाठ असू शकते; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अकोल्याच्या उन्हाळ्यात वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे देत राहावे. अपवाद मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या रुग्णांचा, त्यांना डॉक्टरांनी आखून दिले असेल तेवढेच. आणि औषधांत आपली अक्कल घालू नये. शेजारच्या काकांना गुण आलेली गोळी येथे विष ठरू शकते.

ज्यांना रुग्णाजवळ बसणे जमत नाही, त्यांच्यासाठी कागदांचे काम आहे, आणि ते कमी प्रतीचे नाही. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर दरवर्षी कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे आणि तीसाठी आधार कार्ड लागते. तरीही अनेक वृद्धांनी ते काढलेले नसते, कारण बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा मोबाईल मुलाकडे पुण्यात असतो. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. आपल्याकडे तसा फोन असेल तर गल्लीतल्या दहा आजी-आजोबांची बँकेतली रांग वाचेल. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेली औषधे औषधविक्रेत्याकडून नीट समजून घेऊन ठळक मराठी अक्षरांत ‘सकाळी, दुपारी, रात्री’ अशा तीन रकान्यांत लिहून भिंतीला लावावीत. ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक १४५६७ त्याच कागदाखाली लिहावा.

माझ्या माहितीतले एक निवृत्त एस. टी. वाहक मंगळवार आणि शुक्रवार हे दोन दिवस डायलिसिसच्या रुग्णांना देतात. दोन रुग्णांच्या घरच्यांना त्यांनी सांगून ठेवले आहे की शेतीच्या हंगामात तुम्ही कामाला जा, सोबत मी जाईन. ते कोणाकडून पैसे घेत नाहीत, देतही नाहीत. पैशाचा संबंध आला की लोक आपल्याला बोलवायला संकोचतात, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. गाडी कोणत्या फलाटाला लागेल, कोणता वाहक रुग्णाला पुढची जागा देईल, हे त्यांना पाठ आहे. नोकरीतले सर्व शहाणपण त्यांनी या कामी लावले आहे.

अलीकडे त्यांनी एक वेगळीच विचारणा केली. खाटेवरच्या माणसाचे चार तास जातात, पण बाहेर बसलेल्यांना उन्हात झाडाखाली बसावे लागते. रुग्णालयाच्या जवळपास एखादी खोली भाड्याने मिळेल का? आम्ही दोघे-तिघे शोधतो आहोत. तळमजल्यावरची हवी, पिण्याचे पाणी असावे, आणि शौचालयाची पायरी उंच नसावी.